वाजवून घेतलेली गाडी

४ एप्रिल

आज तीन घरगाड्यांत चढले आणि उतरले. गुडघे कुरकुरत होते, पण मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. अशी मजा कित्येक वर्षांत केली नव्हती!

घरगाडी म्हणजे काय ते मलाही आत्ता-आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. टेम्पोएवढीच गाडी, पण आत बिछाना, ओटा, नळ, कपाटं, दाराआड छोटी मोरीसुद्धा. बाहुलीच्या घराला चाकं लावावीत तसं. लेकीला नवं काम मिळालंय — लांबलांबच्या शाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायचे. एका गावात थोडे दिवस, मग पुढचं गाव. राहायला धड जागा मिळेलच असं नाही. म्हणून तिने ठरवलं की घरच बरोबर न्यायचं. डोकं आहे पोरीला. माझ्यावर गेलीय असं हे म्हणायचे. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण वाद झाला की मी अजून त्यांनाच साक्षीला काढते. ते बिचारे नाही म्हणू शकत नाहीत.

तर आम्ही तिघी जाणार. लेक गाडी चालवणार आणि डोळे तपासणार. नात अजून लहान आहे, तिची शाळा पुढच्या वर्षी. आणि मी — स्वयंपाक, नात आणि गप्पा! मला कोणी 'येतेस का' असं विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? लेक नवऱ्याला सोडून परत आली तेव्हा नात रांगत होती. तेव्हापासून ती माझ्याच कुशीत झोपते. भूक लागली की आजी, पडली की आजी. वेणीसुद्धा माझ्याच हातची लागते. तिच्या आईने घातली की वाकडी होते. मग मी सोडते आणि पुन्हा घालते.

आजची पहिली गाडी तर मी दारातच नापास केली. कुबट वास. गाडीवाला म्हणाला, बंद होती म्हणून येतोय. मी बिछान्याखालचं कपाट उघडून आत डोकं घातलं. गाडीवाला बघतच राहिला. कोपऱ्यात काळपट डाग. खिडकीखालच्या भिंतीवर अंगठा दाबला तर भिजलेल्या पावावर दाबावा तसा आत गेला! छपराचा सांधा गळत असणार आणि पाणी भिंतीतून उतरत असणार. तो म्हणाला, उन्हाने झालंय. मी म्हटलं, उन्हाने वाळतं, कुजत नाही. नात फिदीफिदी हसली. लेक म्हणाली, आई, हळू बोल.

मी हळूच बोलत होते.


५ एप्रिल

उरलेल्या दोन गाड्यांचा विचार डोक्यातून जात नाही. उद्या पुन्हा बघायला जायचंय.


६ एप्रिल

घेतली! एकदाची ठरली!

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, चाकं तीच, इंजिन तेच. पण मागचं घर दोन वेगळ्या लोकांनी बांधलेलं. एकीतलं घर म्हणजे पुठ्ठ्याचा खोका. कपाटाचं दार बोटाने ढकललं तर फडफडलं. ओटा वाजवला तर ढब-ढब, आत सगळं पोकळ. मी तिचं नाव कागदी ठेवलं. लेकीला मात्र तीच आवडलेली. परवापासून तिच्याभोवती घुटमळत होती. स्वच्छ आहे म्हणे, उजेड बरा आहे म्हणे. उजेड काय, खिडकी उघडली की कुठेही येतो.

दुसरी म्हणजे भरीव! लाकडाची दारं, हाताला गार लागणारा जाड ओटा, बिजागऱ्या अशा की दार सोडलं तर आपल्या चालीने येऊन ठक्क करून बसतं. खणांना खिट्ट्या आहेत, गाडी वळली तरी उघडायचे नाहीत. टेबल दोन हातांनी उचलावं लागतं. मी जमिनीवर चार उड्या मारल्या. हसू नये कोणी, गाडी घ्यायची म्हणजे उड्या माराव्याच लागतात. कुठे करकर नाही, कुठे हलणं नाही. खिडकीच्या कडेने बोट फिरवलं, रबर मऊ, कुठे फट नाही. सगळे कोपरे हुंगले. कोरडे.

वस्तू वाजवून घ्यायची हे मला कोणी शिकवायला नको. आमचं भांड्यांचं दुकान होतं. माझी सगळी उमर पातेली उचलण्यात गेली. गिऱ्हाईक चकचकीत भांडं उचलायचं आणि हे हसून सांगायचे, ते राहू दे, हे हातात घेऊन बघा. हातात घेतलं की वजन लागायचं आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बदलायचा. पातळ भांडं पोचे घेतं, जड भांडं सुनेला पुरतं. दुकान विकलं तरी हात विकला नाही मी.

मी आत वाजवत होते तेव्हा लेक आणि गाडीवाला बाहेर ड्रायव्हरच्या दारापाशी बोलत उभे होते. नात त्यांच्या पायात. बराच वेळ काहीतरी चाललं होतं त्यांचं. मी म्हटलं, भाव करत असेल, करू दे. मग लेक आत आली. मला वाटलं, आता कागदीवरून वाद होणार. मी तयारीतच होते. हेही होते माझ्या बाजूने.

ती म्हणाली, "आई, तुला कुठली वाटते?"

मी म्हटलं, "ही."

"मग हीच घेऊ."

बस. इतक्या वर्षांत माझं एवढ्या पटकन ऐकलेलं आठवत नाही. लग्न करू नको म्हटलं तेव्हा ऐकलं नाही, केस कापू नको म्हटलं तेव्हा नाही. आणि गाडीसारख्या गाडीला एका शब्दात हो! मला भरून आलं. बाहेर येऊन गाडीच्या पत्र्यावर हात फिरवत उभी राहिले. गाडीवाला माझ्याकडे जरा विचित्र बघत होता. म्हातारी गाडीशी बोलतेय असं वाटलं असेल त्याला. बोलतच होते मी.


९ एप्रिल

गाडी दारात आली. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, आता पत्ता काय सांगायचा तुमचा? मी म्हटलं, चाक नंबर सांगा.


१४ एप्रिल

गाडी भरतेय. माझ्याइतकं कोणाला जमायचं नाही. दुकानात एकात एक भांडी बसवायची सवय. सात डबे एका डब्यात घालून दाखवले लेकीला. ती म्हणाली, एवढे लागतात का? मी म्हटलं, आठवा पण आहे.

जाड बुडाचं मोठं पातेलं घेतलं. खल-बत्ता घेतला. माझी पत्र्याची ट्रंक बिछान्याखाली बरोबर बसली, जशी काही मापानेच केलेली. लेकीचं डोळे तपासायचं यंत्र एका खोक्यात. दिसायला लहान, पण दोघींनी मिळून उचललं. दुसऱ्या खोक्यात भिंगं. त्यांना हात लावायचा नाही असं मला तीनदा सांगून झालं. टाकी काठोकाठ पाण्याने भरली. सिलिंडर एक लावलेला, एक जादा. वर ऊन अडवायला गुंडाळी होणारं छप्पर आहे, लोखंडी दांड्यांचं. ते उघडून त्याखाली खुर्ची टाकून चहा प्यायले. आमच्याच फाटकात! जाणारे-येणारे बघत होते.

कोण कुठे झोपणार तेही मी ठरवलं. मोठ्या बिछान्यावर मी आणि नात. पुढच्या बाकड्यावर लेक. तिला सकाळी लवकर उठायचं असतं ना, आमची झोपमोड नको. ती तशीच भिंगांचं खोकं बांधायला लागली. दमलेली असते हल्ली.


१९ एप्रिल

लेकीच्या संस्थेचं म्हणणं, भरलेली गाडी वजनकाट्यावर घालून चिठ्ठी आणा, त्याशिवाय विमा उतरवणार नाही. ती म्हणते, जाऊ नंतर. मी म्हटलं, नंतर का? उद्याच जाऊ. मलाही बघायचाय एवढा मोठा काटा.


२० एप्रिल

कशाला हौस केली असं झालंय.

काटा गावाबाहेर, ट्रकांच्या रांगेत. जमिनीतच लोखंडी फळ्या, त्यावर गाडी उभी करायची. काटेवाला काचेच्या खोलीत. म्हणाला, प्रवासाला जाताना जसे बसणार तसेच बसा, म्हणजे खरं वजन कळेल. बसलो तिघी. मी ताठ बसले, फोटो काढायच्या वेळी बसतात तशी.

तो बाहेर आला. ड्रायव्हरचं दार उघडून आतल्या पत्र्याच्या पट्टीवर बोट ठेवलं. त्या पट्टीवर कंपनीने लिहिलेलं असतं, गाडी आणि आतलं सगळं धरून किती वजन चालेल. त्याच्यापुढे एक कणही नाही. पुढे गेलं की ब्रेक वेळेवर धरत नाही, टायर तापून फुटतो, आणि काही झालं तर विमावाले हात वर करतात. आमची गाडी पुढे गेली होती. थोडी नाही, चांगलीच.

मी म्हटलं, असं कसं? जागा तर अजून शिल्लक आहे, वरचा एक खण रिकामा आहे! तो म्हणाला, आजी, जागेचं नाही, वजनाचं आहे. मग त्याने समजावलं. डोक्यावर किती न्यायचं ते ठरलेलं असलं आणि टोपलीच जड घेतली, तर टोपलीत माल कमी घालावा लागतो. आमची टोपलीच जड. लाकडाची दारं, जाड ओटा, भरीव टेबल. सगळं आमच्या वाट्याचं वजन खाऊन बसलेलं. म्हणाला, अशीच गाडी हलक्या बांधणीची मिळते, तिच्यात सगळं आरामात गेलं असतं.

हलक्या बांधणीची. कागदी!

मी लेकीकडे बघितलं. ती समोरच्या ट्रककडे बघत होती.

विचारलं त्याला, काय काय काढावं लागेल? त्याने आत डोकावून बघितलं. ट्रंक, भांडी, जादा सिलिंडर सगळ्यांवरून नजर फिरवली. म्हणाला, हे सगळं काढलं तरी थोडं उरेलच. वर हसून म्हणाला, "एक म्हातारं माणूस उतरवलं की बसतं बरोबर!"

मीही हसले. सगळेच हसलो. लेक नाही हसली.


२१ एप्रिल

झोप नीट लागली नाही. मीच वाजवून घेतलेली गाडी. सगळे कोपरे हुंगले, उड्या मारल्या, आणि दारावरची पट्टी वाचायचं सुचलं नाही. चार यत्ता शाळा शिकलेय, आकडे तरी वाचता येतात मला. पण मी पट्टीकडे बघितलंच नाही. हाताला विचारलं. हाताने दुकानातलं उत्तर दिलं.

लेकीने कागदी धरली होती. मी मधे पडले नसते तर आज तीच दारात असती आणि माझी ट्रंक तिच्यात असती.

नात विचारत होती, आजी, तुला ठेवून जायचं का? मी म्हटलं, छे गं. लगेच उशीत तोंड घालून झोपली. मुलांचं बरं असतं.


२२ एप्रिल

लेकीला म्हटलं, गाडी परत कर. म्हणाली, आता कोण घेणार परत. म्हटलं, मी भांडते त्याच्याशी. म्हणाली, नको, आई. अगदी ठामपणे म्हणाली.

माझी चूक पोटात घातली पोरीने. एका शब्दाने बोलली नाही मला. मी तिच्या जागी असते तर वर्षभर ऐकवलं असतं. हे म्हणायचे, तुझी जीभ काट्यावर घातली पाहिजे.


२५ एप्रिल

ठरवलं. जड आहे ते काढायचं! भांडं जड झालं तर झाकण घरी ठेवून जाता येतं. गाडीलाही झाकणं आहेतच की, बारा दारं.

सुताराला बोलावलं. तो दारांवरून हात फिरवत राहिला. म्हणाला, काकू, असं लाकूड हल्ली बघायला मिळत नाही. मी म्हटलं, म्हणूनच काढायचंय. तो म्हणाला, लोक माझ्याकडे दारं बसवायला येतात, काढायला पहिल्यांदाच कोणी बोलावलं. मी म्हटलं, मग आज पहिल्यांदा काढून बघ. बोलता बोलता सगळी दारं उतरली. मग ओटा. तो उचलताना सुतार आणि त्याचा भाऊ दोघांनी श्वास धरला. त्याजागी पातळ प्लाय ठोकून घेतला. वाजवला. ढब-ढब.

कागदीच केली मी तिला.

लेक कामावरून आली आणि दारातच थांबली. म्हणाली, हे काय? मी म्हटलं, तुझी आई बसणार आहे ना आत, जागा करतेय! तिने उतरवलेली दारं बघितली, एकावर एक रचलेली. कशाला एवढं, आई, म्हणाली. आवाज कसा तरी झाला तिचा. दारं छान होती, म्हणाली. तिलाही ती आवडायला लागली होती वाटतं. मला फार वाईट वाटलं.


२९ एप्रिल

दारांच्या जागी पडदे शिवले. जुन्या चादरींचे, फुलाफुलांचे. खाली दोरी ओवली म्हणजे गाडी वळली तरी सामान बाहेर यायचं नाही. नातीने प्रत्येक पडद्यामागे लपून बघितलं.

टेबल काढलं. ऊन अडवायचं छप्पर काढलं, त्याच्या दांड्याच एवढ्या जड! जादा सिलिंडर घरात. टाकी अर्धीच भरायची, गावात पोचल्यावर पुन्हा भरायची. ट्रंक परत कपाटावर. त्याऐवजी कापडी पिशवी. चार कपडे, औषधं, चष्मा. अजून काय लागतं माणसाला?

आणि भांडी. जाड बुडाचं पातेलं मी गाडीतून काढून घरात आणलं, पुन्हा गाडीत ठेवलं, पुन्हा काढलं. शेवटी काढलंच. बाजारात जाऊन पातळ भांडी घेतली. उचलली की हाताला काही लागतच नाही. दुकानदार पोरगा म्हणाला, आजी, ही जरा जाड बघा, टिकतील. मी म्हटलं, पातळ दे. हे बघत असते तर मान फिरवून बसले असते.

माझं वजनही केलं औषधांच्या दुकानातल्या काट्यावर. संध्याकाळचं जेवण बंद केलंय. उगीच आपलं.


३ मे

आज एक गोष्ट झाली. लिहू की नको असं झालंय, पण इथे नाही तर कुठे लिहायची.

नातीला आंघोळ घालून मी वेणी घालत होते. लेक समोर चहा पीत होती. म्हणाली, "आज मी घालू का?" म्हटलं, घाल. तिने घातली. एक बाजू वर, एक खाली, भांग सापासारखा. मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले. फक्त पोरगी बाहेर पळायच्या आधी धरून सोडली आणि नीट घातली. सवयीने हात गेले.

लेक बघत राहिली. चहा तसाच ठेवला तिने. म्हणाली, "आई, तू इथेच राहिलीस तर? मी म्हणजे... गाडीत दगदग असते. उन्हाळ्यात तर आत भट्टी होईल."

मी म्हटलं, "आणि तू एकटी काय काय करशील? काम बघशील की हिला बघशील?"

"ही माझ्याबरोबर येईल शाळेत. बालवर्गात बसेल. तिथल्या बाई सांभाळतात. मी विचारलंय."

मी म्हटलं, "बाई सांभाळतात म्हणे! आजी मेली का?"

ती म्हणाली, तसं नाही गं. उठली आणि कपबशी धुवायला गेली.

माझी काळजी करते. वजनाचं मनाला लावून घेतलंय तिने. आणि सगळं माझ्यामुळे. ती कागदी घेतली असती तर आज हे बोलायची वेळ आली नसती. दिवसभर तेच घोळतंय. रस्त्याने एखादी पांढरी गाडी गेली तरी वाटतं, तीच असेल, कोणीतरी दुसरी आजी आत बसली असेल, आणि सगळी भांडी बरोबर.


४ मे

संध्याकाळी भूक लागते फार.


८ मे

बसलं! काट्यात बसलं!

आज पुन्हा काट्यावर गेलो. तोच काटेवाला. मला बघून म्हणाला, काय आजी, कोणाला उतरवलं? मी म्हटलं, सगळ्यांना उतरवलं, मला सोडून! बसलो तिघी. यंत्र, भिंगं, अर्धी टाकी, पातळ भांडी, नातीची बाहुली, सगळं जसं जाणार तसं. मी श्वास धरून बसले होते, जसा काही श्वासालाही वजन असतं. नातीनेही गाल फुगवले माझं बघून.

त्याने काचेतून अंगठा दाखवला. पट्टीच्या आत! थोडंच आत, पण आत. मी त्याला चिठ्ठी पुन्हा एकदा वाचायला लावली. म्हणाला, आजी, तुम्ही गाडीचं हाडच तेवढं ठेवलंत. मी म्हटलं, हाडं मजबूत आहेत, वाजवून घेतलीत.

परत येताना मी बडबड बडबड केली.  लेक बरं झालं, आई, एवढंच म्हणाली. रस्त्याकडे बघत होती. डोळे ओले होते तिचे. मी बघितलं, पण दाखवलं नाही. सगळं मनासारखं झालं की येतंच पाणी. मलाही आलं होतं.

घरी आल्यावर दारं बघितली, भिंतीला टेकवून ठेवलेली. मनात म्हटलं, माफ करा बरं का. तुमची काही चूक नव्हती.


१० मे

उद्या निघायचं. पिशवी दाराशी ठेवलीय. शेजारणीकडे घराची किल्ली दिली. ती म्हणाली, लेकीचा संसार सांभाळायला चाललात. मी म्हटलं, संसार कसला, तीन बायका आणि फुलांचे पडदे.


११ मे

नात उजाडताच गाडीत जाऊन बसली होती. मी पिशवी घेऊन पायरीवर पाय ठेवला. ती आतून म्हणाली, "आजी, तू मावलीस! गाडीवाले काका आईला म्हणाले होते, हिच्यात दोघीच मावतील. त्या दुसऱ्या गाडीत तिघी. आई म्हणाली, मग हीच द्या."

लेक खाली वाकून सिलिंडरचा पट्टा आवळत होती. मान वर केली नाही तिने. हात मात्र थांबले.

मी पायरीवरचा पाय खाली घेतला. म्हटलं, गुडघा फार दुखतोय गं. मला नाही जमायचं यायला.

"आई," एवढंच लेक म्हणाली. मग माझ्या हातातली पिशवी तिनेच घेतली आणि घरात नेऊन ठेवली. हलकीच होती.

नातीची वेणी आज लेकीने घातली होती. वाकडी. मी हात लावला नाही.